फाटकावरचं 'नाही'

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं व्हरांड्यात बसून नेहमीचंच भांडण भांडत होतो. विषय ठरलेला होता: राहायला इलोरिन बरं की लागोस. बाबांनी लागोसच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून उभं आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्याबरोबर सामान बांधून आपल्या गावी, इलोरिनच्या अदेवोले वसाहतीतल्या या घरात येऊन राहिले. मी लागोसलाच राहिले. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत मी संपादक आहे. सुटी मिळाली की दोन-चार दिवस इकडे यायचे आणि आल्या संध्याकाळी भांडण सुरू व्हायचं.

"इथं कुठंही पंधरा मिनिटांत पोचता येतं," बाबा म्हणाले.

"पण जायचं कुठं?" मी म्हणाले.

बाबांनी हा फटका शांतपणे सोसला. ते वादात कधी आवाज चढवत नसत, फक्त पुढचा मुद्दा काढत. इथले टोमॅटो रस्त्यावर चार दिवस अडकून आलेले नसतात. इथं पाऊस पडला की घरात होडी लागत नाही. इथं शेजारी तुम्हाला ओळखतात. हा शेवटचा मुद्दा त्यांच्या फायद्यांच्या यादीत होता आणि माझ्या तोट्यांच्याही. मी सकाळी बाजारातून कांदे घेऊन परत येते तोवर शेजारच्या अल्हाजा सिम्बियात फाटकाशी उभ्या असायच्या आणि विचारायच्या, एवढेच कांदे का घेतलेस, लवकर परत जाणार आहेस की काय.

त्या दिवशी मात्र बाबांनी वाद मध्येच थांबवून सरळ विचारलं, "मुइनात, खरं सांग. तुला हे शहर कसं वाटतं?"

"ठीक आहे, बाबा."

"'ठीक' हा शब्द मी आयुष्यभर खोडत आलोय," ते म्हणाले. "त्याला अर्थ नसतो. तो नुसती जागा भरतो." आणि बातम्या ऐकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून ते खुर्चीत टेकले आणि उठले नाहीत. त्याबद्दल मी इथं एवढंच लिहिणार आहे.

बाकी सगळं आळीनं केलं. कुणाला फोन करावा या विचारात मी उभी होते, तेवढ्यात अल्हाजा आत आल्या, पाठोपाठ त्यांचे जावई, पाठोपाठ मशिदीतले चारजण. कापड आलं, खड्डा खणून झाला, दुपारच्या नमाजेनंतर बाबांना पोचवूनही झालं. लागोसला आमच्या इमारतीत माणूस गेला तर वरच्या मजल्यावर कळायला आठवडा लागतो. इथं मला स्वतःला नीट कळायच्या आत आळीला कळलं होतं. हे फायद्यांत धरायचं की तोट्यांत, ते मला ठरवता येईना. विचारायचं ज्यांना, ते नव्हते.

मी कंपनीकडून रजा घेतली आणि चाळिसाव्यापर्यंत राहायचं ठरवलं. भेटायला येणारे येत राहिले. आमच्या आळीत अशी पद्धत आहे, की ज्या घरी माणूस गेलं त्या घराचं फाटक चाळिसाव्यापर्यंत दिवसभर सताड उघडं ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याला कडी वाजवावी लागत नाही. येणारा प्रत्येकजण आधी दुआ मागायचा, मग बाबांचा एखादा किस्सा सांगायचा, मग पाण्याचा घोट घेऊन विचारायचा, "लागोसला कधी जाणार?" आणि उठता उठता, "घराचं काय?"

पहिल्या दिवशी मला यात काळजी ऐकू आली. तिसऱ्या दिवसापासून दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. लागोसला राहिलेल्या माणसाचा कान तसाच तयार होतो. एका गृहस्थांनी तर बाबांचा फ्रीज किती जुना, असंही विचारलं. बाबांचे धाकटे भाऊ, जिमो काका, यांनी छताकडे बघत पत्रे अजून चांगले आहेत असं मत दिलं. काकांचं टायरचं दुकान होतं, आणि कुठलीही वस्तू बघताना ती अजून किती चालेल याचा अंदाज घ्यायची सवय त्यांना जडली आहे. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. तेव्हा मला वाटलं, काका पत्रे मोजतायत.

त्याच संध्याकाळी लागोसहून एबुनचा फोन आला. एबुन माझी ऑफिसातली मैत्रीण. जगात चांगलं काय चाललंय ते तिला कधीच माहीत नसतं, वाईट मात्र सगळं माहीत असतं. तिच्या मावशीचं घर मावशी हजला गेली असताना तीन वेगवेगळ्या लोकांना विकलं गेलं होतं, आणि मावशी परत आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात तीन कुटुंबं एकमेकांशी भांडत होती. एकटा म्हातारा माणूस गेलेला, मुलगी परगावी, घर रिकामं. एबुन म्हणाली की चोरांना याहून गोड काही नसतं. "भिंतीवर लिहून टाक," ती म्हणाली. "आजच्या आज."

काय लिहायचं ते सांगायची गरज नव्हती. लागोसला प्रत्येक तिसऱ्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं: हे घर विकायचे नाही, सावध राहा. आमच्या इमारतीवर आहे, समोरच्या शाळेवर आहे, कोपऱ्यावरच्या चर्चवरही आहे. लागोसकर ते नावाच्या पाटीसारखं वाचतो आणि पुढं जातो. अदेवोलेत एकाही भिंतीवर ते नव्हतं. का नव्हतं, याचा मी विचार केला नाही. मला वाटलं, इथले लोक भोळे आहेत.

रंगारी रिदवान हा आमच्या भागातला नावाजलेला कलाकार. केके रिक्षांच्या पाठीवर वाघ आणि कुराणातल्या आयती रंगवतो, मंगल कार्यालयांवर हंस काढतो. त्याला साधी अक्षरं काढायला सांगणं म्हणजे गवयाला दूधवाल्याची हाळी द्यायला सांगण्यासारखं होतं. त्यानं भिंतीकडे बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं.

"आंटी, अक्षराला सावली द्यावी लागेल."

मी म्हणाले, सावली नको, वाचता आलं की पुरे. आणि आंटी म्हणू नकोस.

"सावलीशिवाय अक्षर उभं राहत नाही, आंटी. झोपतं."

मी आत गेले. भेटायला दोन बायका आल्या होत्या. संध्याकाळी फाटक लावून घेतल्यावर बाहेर जाऊन पाहिलं, तर काम खरोखर देखणं झालं होतं. लाल अक्षरं, काळी सावली. मात्र सावलीमुळे अक्षरं रुंद झाली होती आणि भिंत तेवढीच राहिली होती. डावीकडच्या भिंतीवर 'हे घर विकायचे' एवढंच मावलं होतं. उरलेला शब्द रिदवाननं फाटकावर घेतला होता: फाटकाच्या डाव्या फळीवर 'ना', उजव्या फळीवर 'ही'. मग उजवीकडच्या भिंतीवर 'सावध राहा'. खाली कोपऱ्यात त्याचं नाव आणि फोन नंबर. बंद फाटकासमोर उभं राहिलं की सगळं वाक्य सरळ वाचता येत होतं. मी समाधानानं पैसे दिले. आयुष्यभर मजकूर तपासणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि मीही तपासण्याचंच काम करते. पण फाटक ही उघडायची वस्तू आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे मी दोन्ही फळ्या आत उघडल्या आणि घरात येऊन बसले. दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वाचलं: हे घर विकायचे. सावध राहा.

आमच्या आळीत तोंडावर कुणी काही विचारत नाही. ताटातून विचारतात. अल्हाजा रोज दुपारी माझ्यासाठी झाकणाचा डबा पाठवत: कंदाच्या पिठाच्या अमालाचा गोळा, वर पालेभाजीचं गुळगुळीत कालवण, त्यात मटणाचे दोन तुकडे. त्या दिवशी डब्यात एकच तुकडा होता. दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी झाकण नव्हतं. मी मनात म्हटलं, महागाई. चौथ्या दिवशी डबाच आला नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की यामागे काहीतरी शिजतंय. म्हणजे अमाला सोडून.

मग मी प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागले. कोपऱ्यावर सकाळी अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळणारी बाई मला बघून बोलणं थांबवते, असं मला दिसलं. एक अनोळखी माणूस आमच्या भिंतीच्या कडेनं मोठमोठी पावलं टाकत चालला, शेवटाला पोचून ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि निघून गेला. मी एबुनला फोन केला. "बघ," ती समाधानानं म्हणाली, "सुरू झालं."

शनिवारी एक जोडपं आलं. मध्यम वयाचे, नीटनेटके, लागोसच्या धाटणीचं बोलणारे. मला वाटलं, बाबांच्या वर्तमानपत्रातले कुणी असतील. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहिला, दोघांनी डोळे मिटून दुआ केली. आडनाव अजिबोये.

"घर फार शांत आहे," श्री. अजिबोये म्हणाले.

मी म्हणाले, हो, बाबांना शांतताच हवी असायची.

"पाणी?" सौ. अजिबोये म्हणाल्या. मी आणखी एक पेला भरला. "नाही, म्हणजे नळाला."

मी सांगितलं की नळाला एक दिवस येतं, एक दिवस येत नाही, पण मागे बोअरवेल आहे, तिचं पाणी गोड आहे. त्यांना शेजाराबद्दल जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की इथं शेजारी तुम्हाला ओळखतात. वीज? लागोसपेक्षा बरी, आणि येते तेव्हा सगळी आळी एका सुरात आनंदानं ओरडते, ते ऐकायला म्हणून ती गेलेलीही परवडते. हे बाबांचं वाक्य होतं. मला वाटलं, या लोकांना बाबांच्या आयुष्याबद्दल आस्था आहे. ते कसे राहत, कुठलं पाणी पीत, कुणाशी बोलत, हे यापूर्वी कुणी मला इतकं बारकाईनं विचारलं नव्हतं. मी बोलत गेले. टोमॅटोंबद्दल बोलले. पाऊस थांबला की रस्ते कसे लगेच कोरडे होतात ते बोलले. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत धुळीनं सूर्य चंद्रासारखा दिसतो आणि बाबा त्याकडे बघत व्हरांड्यात कसे बसून राहत, तेही बोलले. इतक्या दिवसांत मी एवढं सलग बोलले नव्हते.

"आणि कुठंही पंधरा मिनिटांत पोचता येतं," मी म्हणाले.

श्री. अजिबोये हसले. "पण जायचं कुठं?"

हा प्रश्न माझा होता. दुसऱ्याच्या तोंडून तो इतका उद्धट ऐकू येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी जरा कडक आवाजात सांगितलं की बाजारात जायचं, मशिदीत जायचं, कुणाच्या बारशाला जायचं, आणि तिथं पोचलं की लोक विचारतात उशीर का झाला. लागोसला तीन तास रस्त्यावर काढून पोचलं तरी, तुम्ही आलात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. मग सौ. अजिबोये उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि तिथून विचारलं, "हे कपाट राहणार आहे का?"

ते बाबांचं कपाट होतं. त्यांचे शर्ट अजून त्यात होते. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, राहणार म्हणजे काय?

"तुम्ही नेणार की घराबरोबर देणार," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मागून श्री. अजिबोये म्हणाले, "एक विचारू का, बाई? सगळं इतकं चांगलं आहे, तर विकताय कशाला?"

खुलासा व्हायला थोडा वेळ लागला. त्यांना लागोसला कंटाळून लहान शहरात येऊन राहायचं होतं. अदेवोलेतून जाताना त्यांनी पाटी वाचली, खालच्या नंबरावर फोन केला, आणि रिदवाननं त्यांना शनिवारची वेळ दिली. मी त्यांना हाताला धरून फाटकाबाहेर नेलं, दोन्ही फळ्या लावून दाखवल्या, पुन्हा उघडून दाखवल्या. त्या वेळी मी स्वतः ते पहिल्यांदा वाचलं. श्री. अजिबोये म्हणाले, "सावध राहा हे आम्हाला जरा खटकलंच होतं. आम्ही म्हटलं, कुत्रा असेल."

रिदवानला मी फोन केला. तो म्हणाला की त्यानं प्रत्येकाला अगदी स्वच्छ सांगितलं होतं, घर विकायचं नाही म्हणून.

"प्रत्येकाला म्हणजे? किती लोकांनी विचारलं?"

"आंटी, पुष्कळांनी. लोक विचारतात, कितीला विकायचं नाही. मी म्हणतो, मला माहीत नाही, पण स्वस्तात तर नाहीच. त्यानं भाव चढतो. तुम्ही काळजी करू नका."

मी म्हणाले की ताबडतोब येऊन पुसून टाक. तो म्हणाला की आपण जवळच्या ओफा गावी एका मंगल कार्यालयाचे हंस रंगवायला आलो आहोत, आणि हंस अर्धवट टाकून येता येत नाही, अपशकुन होतो.

फाटक पूर्ण बंद ठेवणं शक्य नव्हतं. शोकाच्या घराचं फाटक बंद दिसलं तर आळी काय म्हणेल, याची मला धास्ती होती. मी मध्यममार्ग काढला. उजवी फळी उघडी ठेवली आणि डावी लावून घेतली. माझ्या मते यानं निदान अर्धा तरी नकार शिल्लक राहत होता. प्रत्यक्षात रस्त्यावरून आता वाचता येत होतं: हे घर विकायचे ना. सावध राहा.

सोमवारी दुपारी मोटारसायकलवर एक गृहस्थ आले. नगरपालिकेच्या फलक खात्याकडून आलोय, म्हणाले. त्यांच्या हँडलला लाल रंगाचा डबा लटकत होता. परवानगीशिवाय भिंतीवर जाहिरात लावल्याबद्दल ते आले होते.

मी म्हणाले, ही जाहिरात नाही. घर विकायचं नाही याची जाहिरात कोण करेल?

"बाई, मी इथं रस्त्यावर उभा राहून वाचतोय," ते शांतपणे म्हणाले. "इथून 'विकायचे ना' असं दिसतं. ती प्रश्नार्थक जाहिरात झाली. तिचं कलम वेगळं आहे."

मी डावी फळी उघडली. मग ती साधी विधानार्थक जाहिरात झाली. दोन्ही लावल्या, तेव्हा त्यांनी बराच विचार केला आणि मत दिलं की ही जाहिरात नसून सार्वजनिक सूचना आहे. सार्वजनिक सूचनेला परवानगी लागतेच, पण ती दुसऱ्या खिडकीवर मिळते. मी दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या कारकुनानं बाबांचं नाव वाचताच उठून माझं सांत्वन केलं. त्याच्या लग्नपत्रिकेतल्या चुका बाबांनी काढून दिल्या होत्या. वधूचं नाव दोन प्रकारे छापलं गेलं होतं, बाबा नसते तर दोन नवऱ्या आल्या असत्या, असं तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो खाली बसला, अर्ज परत केला आणि म्हणाला, अर्ज घराच्या मालकानंच द्यायचा असतो. मालक म्हणजे बाबा.

लागोसला मी दोन शब्द सुनावले असते. इथं कारकून माझ्या वडिलांसाठी रडला होता. त्याच्याशी भांडणार कसं? नकार देणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा लहान शहराचा मोठा तोटा मला त्या खिडकीत कळला.

परत आले तोवर मोटारसायकलवाल्यांनी नियमाप्रमाणे फाटकावर लाल फुली मारून ठेवली होती. आमच्याकडे लाल फुली सरकार मारतं, आणि तिचा अर्थ कुणीच समजावून सांगत नाही. ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणे लावायचा. आळीनं तीन अर्थ लावले. एक म्हणजे, रस्ता रुंद होणार आणि घर पडणार. दुसरा म्हणजे, जिमो काकांनी कोर्टातून विक्री अडवली. तिसरा अर्थ, जो सर्वांत लोकप्रिय झाला, तो असा की मी घर आधीच दोघांना विकलं असून त्यातल्या एकानं फुली मारली आहे. हे सगळं मला अकारावालीनं सांगितलं, तेही मी न विचारता. म्हणजे तिनं बोलणं थांबवलं नव्हतं; मीच ऐकणं थांबवलं होतं. भिंतीवर लिहिण्याबद्दल ती पुढं म्हणाली, "इथं तसं कुणी लिहीत नाही, ताई. कुणाचं घर ते सगळ्यांना माहीत असतं. ज्याला विकायचं असतं आणि सांगायची लाज वाटते, तोच लिहितो."

शुक्रवारी सकाळी मी स्वतः पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला आणला. फुली फाटकावर होती म्हणून सुरुवात फाटकापासून केली. लाल रंगावर पांढरा बसेना. खालचा लाल गुलाबी होऊन वर यायचा. चार हात दिले तेव्हा फाटक एकदाचं स्वच्छ झालं, आणि डबा संपला. भिंतीला हात लागला नव्हता. दुसरा डबा आणायला निघाले तर दुकानदार जुम्म्याच्या नमाजेला गेलेला. मी परत येऊन, रंगानं भरलेला कुंचला हातात धरून, फाटकासमोर उभी राहिले आणि काय केलं ते वाचलं. आता फाटक उघडं असो वा बंद, 'नाही' उरलंच नव्हतं.

नमाज सुटली होती. पांढरे झगे घातलेली सगळी आळी आमच्याच रस्त्यानं परत येत होती. पुढं जिमो काका होते. त्यांनी भिंत वाचली, फाटक बघितलं, माझ्या हातातला कुंचला बघितला, आणि आत जाऊन अंगणात बसले. त्यांच्या मागून बाकीचे आत आले. सतरंजी कुणी आणली, ती कुठून आली, मला माहीत नाही. इथं पंचायत बसायची झाली तर सतरंजी आपोआप येते. अल्हाजा सिम्बियात कुंपणाच्या पलीकडून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. रंग माझ्या कोपरापर्यंत आला होता. हात धुवायला जाऊ का, असं विचारावंसं वाटलं, पण तोही पळून जाण्याचा प्रयत्न ठरला असता.

काकांनी दुआ केली. मग म्हणाले की कुणी कुणावर आरोप करायला इथं आलेलं नाही, आणि मग प्रत्येकानं केला. फार आदबीनं केला. एकजण म्हणाले, लागोसला माणसं अशीच होतात, त्यात मुलीचा दोष नाही. दुसरे म्हणाले, गानी (बाबांना सगळे याच नावानं हाक मारत) गेल्याला किती दिवस झाले, निदान चाळिसावा तरी होऊ द्यायचा. मी बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी मायेनं म्हणे, तू बोल, बाळ, पण आधी ऐक.

तेवढ्यात फाटकातून अजिबोये पतिपत्नी आत आले. त्यांच्याबरोबर रिदवान होता, कपड्यांवर हंसांचा पांढरा रंग. नाही म्हणणं ही भाव चढवायची रीत असते, शुक्रवारी सगळे घरी असतात, तेव्हा बोलणी उरकून टाकू, असं त्यानंच त्यांना सांगितलं होतं. सौ. अजिबोयेंनी फळांची करंडी आणली होती. आळीनं त्यांना जागा करून दिली. करंडी कुणाला द्यावी ते न कळून त्यांनी ती मांडीवरच ठेवली.

अल्हाजांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माणसं वाईट दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्हाला चालतील. पण तू आम्हाला सांगायचंस, मुइनात. भिंतीला आधी सांगितलंस आणि आम्हाला सांगितलंच नाहीस. मी रोज डबा भरायची आणि म्हणायची, आज सांगेल. आणि घर गेल्यावर मग आमच्याकडे यायचं झालं, तर तू उतरणार कुठं?"

मी इतके दिवस धरून चालले होते की ही माणसं घराचा हिशेब करतायत. लागोसला कधी जाणार, घराचं काय. त्यांचे सगळे प्रश्न मी पुन्हा एकदा आठवून पाहिले. ते माझ्याबद्दल होते.

जिमो काका खाकरले. "भिंतीनं आतापर्यंत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या," ते म्हणाले. "भिंत राहू दे. तू सांग."

सौ. अजिबोये हलकेच पुढं वाकल्या. त्यांना माझी दया आली असावी. सगळी आळी मला घेरून बसलेली पाहून त्यांना ते अंगण माझं सासरच वाटत असणार. "आम्ही समजू शकतो," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "सवय नसली की लहान शहरात अवघड जातं." मग माझ्याकडे वळून, आपल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही तर आमच्यासारख्या लागोसच्याच ना?"

व्हरांड्यातली बाबांची खुर्ची कुणीतरी जिमो काकांसाठी पुढं ओढली होती, पण काका तिच्यात बसले नव्हते. ते खाली सतरंजीवर बसले होते.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "मी इलोरिनची. मला इथं राहायला फार आवडतं, बाबा."